कुठलं बटण दाबू?

स्तर ४ • पाठ ११ • करून पाहू या

वाचण्याआधी

तुमच्या घरात ज्यांच्या बटणात किंवा बटणाशेजारी दिवा लागतो, अशा तीन वस्तू शोधा. तो दिवा तुम्हांला काय सांगतो? "मी चालू आहे" असं सांगतो, की "आता मला दाब" असं? हा फरक मनात ठेवा आणि पाठ वाचा. अवघड शब्दांचे अर्थ पाठाच्या शेवटी दिले आहेत.

१. आठ दिवे आणि एक आजोबा

आपल्या शाळेचा एक विद्यार्थी न्यू जर्सीत राहतो. तो तुमच्यापेक्षा थोडा मोठा आहे, म्हणून आपण त्याला 'दादा' म्हणू या. दादाने आणि त्याच्या बाबांनी एका हिवाळ्यात घराच्या बेसमेंटमध्ये स्वतःचं आर्केड मशीन बनवलं. प्लायवूडचं उभं कपाट, आत जुना कॉम्प्युटर, वर मॉनिटर. समोरच्या पॅनेलवर एक जॉयस्टिक आणि आठ बटणं : एक नाण्याचं, एक खेळ सुरू करायचं आणि सहा खेळताना दाबायची. प्रत्येक बटणाच्या पोटात दिवा. स्विच चालू केला की आठही दिवे एकदम लागायचे. दादाचे मित्र यायचे आणि "भारी!" म्हणायचे.

मे महिन्यात दादाचे आजोबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले. दादा त्यांना मोठ्या हौसेने खाली घेऊन गेला. त्याने 'डाँकी काँग' हा खेळ लावला.

"आजोबा, खेळा ना."

आजोबांनी चष्मा नीट केला आणि पॅनेलकडे बघितलं. "कुठलं बटण दाबू रे?"

"आधी नाणं, मग सुरू. मग उडी मारायला ते निळं. नाही नाही, ते नाही, त्याच्या शेजारचं निळं."

आजोबांनी लाल दाबलं. काही झालं नाही. हिरवं दाबलं. काही झालं नाही. पिवळं दाबलं, तरी तेच. मग त्यांनी हात मागे घेतला. "तुमचं चालू द्या. मी आपला बघतो," असं म्हणून ते सोफ्यावर जाऊन बसले.

दादाला वाईट वाटलं. त्याने आठवडेच्या आठवडे मेहनत केली होती आणि घरातला सगळ्यांत आवडता माणूस दोन मिनिटांत बाजूला झाला होता. आजोबांचं काय चुकलं? काहीच नाही. चूक पॅनेलची होती. सगळेच दिवे लागले, तर एकही दिवा काही सांगत नाही.

२. कोणत्या खेळाला किती बटणं?

आर्केडमधले जुने खेळ एकसारखे नव्हते. ही यादी बघा :

• पॅक-मॅन (१९८०) : फक्त जॉयस्टिक. खेळताना एकही बटण लागत नाही.
• डाँकी काँग (१९८१) : जॉयस्टिक आणि उडीचं एक बटण.
• मिसाईल कमांड (१९८०) : फिरवायचा एक चेंडू आणि तीन बटणं.
• अ‍ॅस्टेरॉइड्स (१९७९) : जॉयस्टिक नाहीच, पाच बटणं.
• स्ट्रीट फायटर २ (१९९१) : जॉयस्टिक आणि सहा बटणं, तीन ठोशांची, तीन लाथांची.

पूर्वी एका कपाटात एकच खेळ असायचा, म्हणून जेवढी बटणं हवीत तेवढीच पॅनेलवर बसवलेली असत. घरच्या मशीनमध्ये मात्र एकाच पॅनेलवर सगळे खेळ चालवायचे असतात. म्हणून बटणं जास्त आणि गोंधळही जास्त. आता दादाला जे हवं होतं ते एका वाक्यात सांगता येतं : ज्या क्षणी जे बटण कामाचं आहे, त्याच बटणाचा दिवा लागला पाहिजे.

ही कल्पना नवीन नाही. 'अ‍ॅस्टेरॉइड्स'च्या मूळ मशीनमध्ये सुरू करायच्या बटणांत दिवे होते आणि ते कधी लावायचे हे खेळाचा प्रोग्रॅमच ठरवायचा.

३. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं

दिव्याचं आर्केड बटण हातात घेऊन मागून बघा. पत्र्याची चार छोटी पाती बाहेर आलेली दिसतील. त्यांतली दोन स्विचची आणि दोन दिव्याची. ती एकाच बटणात असली, तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं शेजारी-शेजारी राहावीत, पण चुली वेगळ्या असाव्यात, तसं.

स्विच म्हणतो : "मला दाबलं." ही बातमी माणसाकडून मशीनकडे जाते.
दिवा म्हणतो : "मला दाब." ही बातमी मशीनकडून माणसाकडे येते.

दादाने पहिल्यांदा आठही दिवे सरळ वीजपुरवठ्याला जोडले होते. म्हणून दिव्यांना बोलायला काही उरलंच नव्हतं. ते आपले सतत चालू.

काही बटणांच्या स्विचला तीन पाती असतात. एक सामाईक, एक दाबल्यावर जोडलं जाणारं आणि एक दाबल्यावर तुटणारं. आपल्याला पहिली दोन हवीत. चुकून तिसरं वापरलं, तर सगळं उलटं होतं : बटण सोडलेलं असतानाच मशीनला वाटतं की कोणीतरी ते दाबून धरलंय.

४. माळ की शिडी?

दिवाळीत तुम्ही दिव्यांची माळ लावता ना? जुन्या पद्धतीच्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात जायची. कारण वीज एका बल्बमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जायची. या जोडणीला एकसर जोडणी म्हणतात. बटणांचे दिवे असे जोडले, तर १२ व्होल्ट आठ दिव्यांत वाटले जातील. प्रत्येकाच्या वाट्याला दीड व्होल्ट येईल आणि एकही दिवा लागणार नाही.

आपल्याला हवी शिडी. शिडीचा एक उभा दांडा म्हणजे धन बाजू, दुसरा म्हणजे ऋण बाजू आणि मधली प्रत्येक पायरी म्हणजे एक दिवा. एक पायरी मोडली, तरी बाकीच्या जागेवर राहतात. ही समांतर जोडणी. यात प्रत्येक दिव्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात.

एक गंमत लक्षात ठेवा. काम करताना आपण लाल वायर पहिल्या दिव्याच्या धन पात्यावरून दुसऱ्याच्या धन पात्यावर, तिथून तिसऱ्याच्या धन पात्यावर अशी नेतो. दिसायला ती माळच दिसते! पण ती वायर फक्त धन पात्यांनाच जोडत जाते, म्हणून ती खरं तर शिडीचा एक दांडा आहे.

५. दिव्याला किती वीज द्यायची?

हे दिवे म्हणजे एलईडी. एलईडी हा थोडा हट्टी दिवा आहे. एक तर त्यातून वीज एकाच दिशेने जाते. तो उलटा बसवला तर लागत नाही. (असं झालं, तर वीज बंद करून दिवा फिरवून बसवा.) दुसरं म्हणजे, त्याला अडवणारं कोणी नसेल तर तो हवी त्यापेक्षा जास्त वीज ओढतो आणि जळतो. त्याला अडवण्याचं काम रोध, म्हणजे बोलीभाषेत रेझिस्टर, करतो.

गणित सोपं आहे. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात आणि त्यातून २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर, वीज गेली तर तो छान उजळतो. आपल्याकडे १२ व्होल्ट आहेत.

उरलेले व्होल्ट : १२ − २ = १०
लागणारा रोध : १० ÷ ०.०२ = ५०० ओहम

बरोबर ५०० ओहमचा रेझिस्टर दुकानात सहसा मिळत नाही. मग त्याच्या वरचा घ्यायचा, ५६० ओहमचा. दिवा किंचित मंद होईल, पण टिकेल. '१२ व्होल्ट' असं लिहिलेल्या तयार दिव्यांत हा रेझिस्टर बहुधा आधीच बसवलेला असतो. म्हणून जोडण्याआधी दिव्यावर काय लिहिलंय ते वाचा.

६. आठ नळांची पेटी

आता दिवे लावायचे-विझवायचे कोणी? दादाने 'आर्डुइनो लिओनार्डो' नावाचा छोटा बोर्ड घेतला. यूएसबीने जोडला की कॉम्प्युटरला तो कीबोर्ड वाटू शकतो. त्याला तारा जोडायच्या वीस जागा आहेत. आठ स्विच, आठ दिवे आणि जॉयस्टिकच्या चार दिशा, झाल्या वीस. एकही जागा रिकामी नाही!

पण हा बोर्ड ५ व्होल्टचा आहे आणि दिवे १२ व्होल्टचे. सरळ जोडले, तर दिवे नीट लागणार नाहीत. आणि चुकून १२ व्होल्ट बोर्डात शिरले, तर बोर्ड जळेल. म्हणून मध्ये 'यूएलएन २८०३' नावाची अठरा पायांची चिप बसवायची. तिला आठ नळांची पेटी समजा. नळाची चावी आपण दोन बोटांनी फिरवतो, पण त्यातून बादलीभर पाणी येतं. तसंच बोर्ड चिपला बारीकसा इशारा करतो आणि चिप दिव्याची मोठी वीज सोडते किंवा अडवते.

जोडणी अशी :

१. सगळ्या दिव्यांची धन पाती १२ व्होल्टच्या लाल वायरीला.
२. प्रत्येक दिव्याचं ऋण पातं चिपच्या ११ ते १८ यांपैकी एका पायाला.
३. चिपचे १ ते ८ हे पाय बोर्डाच्या आठ जागांना.
४. चिपचा ९ नंबरचा पाय ग्राउंडला.
५. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरची ऋण वायर आणि बोर्डाचं ग्राउंड एकमेकांना जोडायचं.

पाचवी पायरी बरेच जण विसरतात. मग सगळं बरोबर जोडलेलं दिसतं, पण दिवे लागत नाहीत किंवा वेडेवाकडे लुकलुकतात. दोघांचं ग्राउंड एक नसेल, तर बोर्डाचा इशारा चिपला समजत नाही.

स्विचची जोडणी आणखी सोपी. एक पातं ग्राउंडला, दुसरं बोर्डाच्या एका जागेला. स्विचच्या पात्यांना १२ व्होल्ट कधीही जोडू नका.

७. मराठीत प्रोग्रॅम

तारा जोडून झाल्या. आता बोर्डाला अक्कल द्यायची. जुने खेळ चालवणाऱ्या 'मेम' या प्रोग्रॅममध्ये कीबोर्डवरचा ५ म्हणजे नाणं आणि १ म्हणजे सुरू, असं आधीपासून ठरलेलं असतं. दादाने प्रोग्रॅम आधी वहीत मराठीत लिहिला :

• जर कोणी काहीच दाबलं नसेल, तर नाण्याचा दिवा लुकलुकव. बाकी सगळे बंद.
• जर नाण्याचं बटण दाबलं, तर कॉम्प्युटरला ५ पाठव आणि सुरूचा दिवा लुकलुकव.
• जर सुरूचं बटण दाबलं, तर १ पाठव. या खेळाला लागणारी बटणं पूर्ण उजळ. नाण्याचा दिवा मंद ठेव. बाकीचे बंद.
• जर दोन मिनिटं कोणी बटण किंवा जॉयस्टिक हलवली नाही, तर पुन्हा पहिल्या ओळीवर जा.

'या खेळाला लागणारी बटणं' हे बोर्डाला कसं कळणार? खेळ उघडताना कॉम्प्युटर त्याच यूएसबी वायरीतून बोर्डाला एक अक्षर पाठवतो. बोर्ड आपल्या यादीत बघतो : हे अक्षर म्हणजे डाँकी काँग, एक बटण.

आणि दिवा मंद कसा करायचा? व्होल्ट कमी करून नाही. बोर्ड तो दिवा सेकंदाला शेकडो वेळा लावतो आणि विझवतो. डोळ्यांना इतकी घाई दिसत नाही. त्यांना फक्त कमी उजेड दिसतो. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. दादाने मंद दिव्यासाठी ३० हा आकडा ठेवला.

८. झोपलेला बोर्ड

पहिल्या रात्री एक अडचण आली. दिवा छान लुकलुकत होता, पण बटण चार वेळा दाबलं की एखाद्याच वेळी लागू व्हायचं. दादाने स्विच बदलला. वायर बदलली. काही फरक नाही.

चूक प्रोग्रॅममध्ये होती. त्याने लिहिलं होतं : "दिवा लाव. अर्धा सेकंद थांब. दिवा विझव. अर्धा सेकंद थांब." बोर्डाला 'थांब' सांगितलं की तो खरंच थांबतो. त्या अर्ध्या सेकंदात तो बटणांकडे बघतही नाही. आणि बटण आपण जेमतेम एका निमिषापुरतं दाबतो.

मग त्याने असं लिहिलं : "सतत बटणं बघत राहा. मधून मधून घड्याळ बघ. अर्धा सेकंद झाला असेल, तर दिवा बदल." स्वयंपाक करताना आई कुकरसमोर नुसती उभी राहत नाही ना? ती भाजी चिरते आणि कान शिट्टीकडे ठेवते. बोर्डालाही तसंच शिकवावं लागतं.

९. पुन्हा आजोबा

दुसऱ्या दिवशी दादाने आजोबांना काहीच समजावून सांगितलं नाही. फक्त मशीन चालू केलं आणि बाजूला उभा राहिला.

पॅनेल अंधारात होतं. एकच दिवा लुकलुकत होता. आजोबांनी तो दाबला. तो थांबला आणि शेजारचा लुकलुकायला लागला. त्यांनी तोही दाबला. खेळ सुरू झाला. आता एकच निळं बटण पूर्ण उजळलं होतं.

"हे उडीचं असणार," आजोबा म्हणाले.

पहिलंच पिंप त्यांच्या अंगावर आलं. दुसऱ्या वेळी शिडीवर चढता चढता पडले. तिसऱ्या वेळीही तेच. एका मिनिटात खेळ संपला. दादा "आता परत..." असं म्हणणार, तोच आजोबांची नजर कोपऱ्यातल्या मंद दिव्यावर गेली. त्यांनी कोणालाही न विचारता नाण्याचं बटण दाबलं.

"सरक रे जरा," ते म्हणाले. "उजेड अडतोय."

सावधान!

• भिंतीतल्या प्लगची वीज (अमेरिकेत १२० व्होल्ट, ब्रिटन आणि भारतात २३० व्होल्ट) जीवघेणी असते. कपाटाच्या आतलं त्या विजेचं काम मोठ्या माणसांनीच करायचं.
• दिव्यांसाठी बंद डबीतला, तयार १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टरच वापरा. आठ दिव्यांना मिळून ०.१६ अँपिअर वीज लागते. १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पुरून उरतो.
• वायर हलवण्याआधी अ‍ॅडॉप्टर आणि यूएसबी दोन्ही काढा.
• लाल वायर धन, काळी ग्राउंड, पिवळी स्विचची, असे रंग ठरवा आणि शेवटपर्यंत मोडू नका.

शब्दार्थ

बिऱ्हाड : एका घरात किंवा खोल्यांत राहणारं कुटुंब
वाडा : पूर्वीचं मोठं, मध्ये चौक असलेलं घर
पातं (अनेकवचन : पाती) : पातळ, चपटा तुकडा
धन, ऋण : विजेच्या दोन बाजू, अधिक आणि उणे
रोध : वीज अडवण्याचा गुण, तशी वस्तू
सामाईक : सगळ्यांचं मिळून एक
लुकलुकणे : लागत-विझत राहणे
निमिष : डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ
पिंप : मोठं, गोल, उभं भांडं

बोलताना आणि लिहिताना

महाराष्ट्रातल्या शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारा', 'विभवांतर' आणि 'परिपथ' हे शब्द असतात. घरी आणि दुकानात तेच लोक 'करंट', 'व्होल्टेज' आणि 'सर्किट' म्हणतात. दोन्ही शब्द ओळखता आले पाहिजेत.

भाषेकडे लक्ष : जर–तर

१. नेहमी घडणारं : बटण दाबलं, तर दिवा लागतो.
२. पुढे घडणारं : तू बटण दाबलंस, तर दिवा लागेल.
३. घडलंच नाही असं : एकच दिवा लागला असता, तर आजोबांना लगेच कळलं असतं.

बोलताना आपण 'जर' अनेकदा गाळतो. 'तर' मात्र सहसा गाळत नाही. वरची तिन्ही वाक्यं पुन्हा वाचून खात्री करा.

स्वाध्याय

अ. एका वाक्यात उत्तर द्या.
१. आजोबा सोफ्यावर जाऊन का बसले?
२. बटणाच्या मागची चार पाती कशाकशाची असतात?
३. कोणती पायरी बरेच जण विसरतात?
४. बोर्ड 'झोपला' म्हणजे नेमकं काय झालं?

आ. गणित करा. निळ्या एलईडीला ३ व्होल्ट लागतात. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा आहे आणि वीज ०.०२ अँपिअर हवी. किती ओहमचा रोध लागेल? (उत्तर : ४५० ओहम. दुकानात त्याच्या वरचा ४७० ओहमचा मिळतो.)

इ. 'पॅक-मॅन'साठी चार जर–तर वाक्यांचा प्रोग्रॅम मराठीत लिहा. खेळ सुरू झाल्यावर कोणते दिवे लागलेले असतील?

ई. तिसऱ्या प्रकारची दोन वाक्यं तयार करा. सुरुवात अशी : "दादाने ग्राउंड जोडलं नसतं, तर..."

उ. घरी विचारा. तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी त्यांच्या गावात व्हिडिओ गेम पार्लर होतं का? तिथे काय खेळायचे? नाणं टाकायचे की टोकन? पाच वाक्यं लिहा आणि पुढच्या तासाला वाचून दाखवा.